जोडीतल्या समया

आषाढी अमावास्येला निम्मा महाराष्ट्र दिवे घासतो आणि उरलेला निम्मा गटारी साजरी करतो. पंचांगात तिचं नाव दीप अमावास्या. घरातल्या समया, निरांजनं, लामणदिवे, अगदी माळ्यावरचा रॉकेलचा कंदीलसुद्धा त्या दिवशी खाली उतरतो. सगळे घासूनपुसून पाटावर मांडले जातात, त्यांची पूजा होते आणि कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खाल्ले जातात. दोन्ही पक्षांचं काम रात्रीपर्यंत आटोपतं आणि दोन्हीकडे चकाकी येते. एकीकडे पितळेवर, दुसरीकडे डोळ्यांत. त्यानंतर वर्षभर पितळेचा विषय सहसा निघत नाही. घरात लग्न निघालं, तर मात्र निघतो.

आमच्याकडे तो पुतणीच्या लग्नामुळे निघाला. आजीच्या लग्नात आलेली समयांची जोडी वडिलांच्या माघारी वाटणीत फुटली होती. एक डोंबिवलीला दादाकडे गेली, एक पुण्याला माझ्याकडे आली. त्या वेळी कोणाला काही वाटलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष गावच्या घराकडे होतं. आता पुतणीनं घरच्या ग्रुपवर जाहीर केलं की, बोहल्याच्या दोन्ही बाजूंना पणजीच्याच समया हव्यात, आणि फोटोत त्या सारख्या दिसायला हव्यात. पहिल्या वाक्याला सगळ्यांनी हात जोडले. दुसऱ्या वाक्यात काय वाढून ठेवलंय, हे दादा आपली समई टॉवेलात गुंडाळून पुण्याला घेऊन आला तेव्हा कळलं.

दोघी शेजारी शेजारी टेबलावर ठेवल्या. जुळ्या बहिणींतली एक जन्मभर उन्हात भात लावत राहावी आणि दुसरी बँकेत एसीखाली चिकटावी, तसं झालं होतं. डोंबिवलीची समई पिवळीधमक. वहिनी तिला दर गुरुवारी आधी चिंच, मग पितांबरी, मग कोरडी रांगोळी असा सगळा सोपस्कार करतात. त्यात मोराचे डोळे गेले, पिसारा गेला, तुरा गेला. शेंड्यावर बसलेला पक्षी मोर आहे, हे आता माहीत असलेल्यालाच दिसतं. नवखा माणूस कबुतरावर थांबतो. आमची समई तपकिरी, काही ठिकाणी काळी, वाटीच्या कडेला हिरवट. पण मोराचं पीस न् पीस शाबूत, आणि दोन पिसांच्या मधे पुण्यातल्या सगळ्या गौरी-गणपतींचं तेल, हळद आणि धूळ यांचं घट्ट किटण.

"ही अशी का ठेवलीये?" वहिनींनी विचारलं. आवाजात काळजी होती. घरात कोणी आजारी आहे का, असं विचारताना असते तेवढी.

"त्याला पॅटिना म्हणतात," ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"आमच्याकडे मळ म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

इथं दोन्ही पक्षांची बाजू नीट मांडायला हवी, कारण पुढचं सगळं महाभारत त्यातूनच झालं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग जस्त. यातलं तांबं स्वभावानं तक्रारखोर. हवा लागली, दमटपणा लागला, खारा वारा लागला, स्वयंपाकघरातल्या कांद्यालसणाच्या फोडणीतला गंधक लागला, की ते लगेच तोंड काळं करून बसतं. हा काळसर थर अगदी पातळ असतो. तो धातूला खात नाही; उलट खालच्या पितळेला पांघरूणच घालतो. घासताना हे पांघरूण तर जातंच, पण दर वेळी त्याच्याबरोबर खालचं पितळही जरासं निघून जातं. एका गुरुवारी ते कळत नाही. पण गुरुवारांची चाळीस वर्षं झाली की मोराचं कबूतर होतं.

हिचा सगळा भर संग्रहालयावर. बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात ती पाहुण्यांना हटकून नेते. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दरवाजे, भांडी असं काय काय जमवलं, आणि पुढे तो संग्रह सरकारला देऊन टाकला. दिव्यांची तर त्यांना एवढी ओढ की त्यांच्यावर पुस्तकच लिहिलं. तिथले दिवे कसे काळसर, शांत, वयाला साजेसे दिसतात, एवढंच हिचं म्हणणं.

"दिसोत की," वहिनी म्हणाल्या, "संग्रहालयात व्याही यायचे नसतात."

याला हिच्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यातल्या कोणाकडेच नसावं.

खरं तर बाजारानं हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. दुकानात नवीकोरी समई घ्यायला जा. पिवळी, चकचकीत समई एका भावाला मिळते. तीच समई मुद्दाम काळवंडून, कोपरे तेवढे जरा उजळून ठेवली की तिला 'अँटिक फिनिश' म्हणतात आणि भाव चढतो. तिथून निघून पॉलिशवाल्याकडे या. तिथं लोक आजोबांच्या जुन्या समया घेऊन रांगेत उभे असतात, त्या नव्यासारख्या करून द्या म्हणून. एक दुकानदार नव्याला जुनं करायचे पैसे घेतो, दुसरा जुन्याला नवं करायचे. मधल्या मधे दोन्ही समयांनी एकमेकींची घरं बदलली असती तर कोणालाच खर्च आला नसता.

आता प्रश्न एवढाच की, कोणाला कोणासारखं करायचं? माझी एक मामेबहीण घरं सजवून देते. तिचा फोनवर सल्ला आला: चकचकीत समई काळी करा, लग्नात सगळं विंटेज चालू आहे. सोपा घरगुती उपाय आहे. अंडी कडक उकडायची, गरम असताना कुस्करायची आणि समईबरोबर एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवायची. उकडलेल्या अंड्यातून गंधकाचा वायू सुटतो आणि धातू काळवंडतो. रसायनशास्त्र बरोबर आहे; तांब्यावर हा प्रयोग झकास होतो, पितळेवर जरा आळसानं. पण फोन स्पीकरवर होता आणि आत्या त्याच खोलीत जप करत होती.

जपमाळ थांबली. "समईबरोबर काय ठेवायचं म्हणाली ती?"

कोणी बोलेना.

"देवापुढच्या समईबरोबर अंडी?" आत्यानं एकेकाकडे बघून घेतलं. "दिवा काळा ठेवायचा नसतो. पुण्याची समई घासा. विषय संपला."

पॅटिनाचा पराभव असा एका अंड्यानं झाला.

घासायचं ठरलं, तरी मी आधी कसब्यातल्या तांबट आळीत चक्कर मारून आलो. पुण्यात राहून धातूचं काही करायचं आणि तांबट आळीत जायचं नाही, हे बरं दिसत नाही. तिथं तांब्याचे बंब, घागरी, हंडे यांच्यावर मठारकामाचे ठोके अजून ऐकू येतात. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून बसतो आणि पत्रा चमकायला लागतो. एका वयस्क कारागिरानं समई हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली.

"हे ओतीव काम आहे. आम्ही ठोकणारे. आमच्याकडे दिलीत तर आम्ही ठोकणार."

मी समई परत घेतली.

"पॉलिशला देऊ का?"

"द्या की. मशिनवर बफ मारून देतील, पाच मिनिटांत आरसा करतील." मग मोराकडे बोट दाखवून म्हणाले, "हा मात्र घरी येणार नाही."

बफिंगचं चाक कापडाचं असतं. वर लावलेला मसाला बारीक रेवेचा. ते गरगरा फिरायला लागलं की, काळेपणा कुठला आणि नक्षी कुठली, हा भेदभाव करत नाही. म्हणजे घरीच, हातानं, ही दिशा पक्की झाली. जाता जाता एक सांगतो. अशा वेळी 'कल्हईवाल्याला बोलवा' असं सुचवणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. कल्हई ही भांड्याच्या आतून लावायची. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, की आंबट पदार्थ कळकत नाहीत. समईत कोणी ताक करत नाही. काकांना हे सांगितलं, तरी ते म्हणाले, "बोलवा तर खरं."

रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली. समई चार तुकड्यांची असते: खाली बैठक, मधे दांडी, वर तेलाची वाटी, आणि तिच्यावर मोर. चारही भाग एकमेकांत आट्यांनी फिरवून बसवलेले असतात, म्हणजे असायला हवेत. आमच्या आट्यांत इतक्या वर्षांचं तेल झिरपून त्याचं रोगण झालं होतं. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला मी, असे आम्ही विरुद्ध दिशांना पिळत राहिलो. वाटणीच्या वेळी सुद्धा आम्ही भावांनी इतका जोर लावला नव्हता. दादाचा हात सुटला, मग माझा सुटला, मग आत्या आतून म्हणाली, "गरम पाणी ओता रे बाहेरच्या भागावर." बाहेरचं पितळ तापलं, जरासं फुगलं, आणि दांडी सुर्रकन फिरली. आत्या इंजिनिअर नाही. तिनं लोणच्याच्या बरण्या उघडण्यात हयात घालवली आहे.

किटणाची गोष्ट निराळी. इथं लोक सरळ चिंच घेऊन तुटून पडतात आणि मग चिंचेला नावं ठेवतात. चिंच तेलावर काम करत नाही. आधी कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्यात सगळे भाग बुडवावे लागतात. पाणी चहासारखं होतं, मग कॉफीसारखं, मग त्याला नाव देता येत नाही. त्यातून निघालेले भाग जुन्या टूथब्रशनं घासायचे आणि मोराच्या पिसांमधे टाचणी फिरवायची. मी चष्मा कपाळावर चढवून ते करत होतो. एका पिसामागून कुंकवाचा लाल खडा निघाला, दुसऱ्यामागून वातीचा जळका कापूस, आणि शेपटीच्या मुळाशी अडकलेला एक अखंड तांदळाचा दाणा, तेलानं मधाच्या रंगाचा झालेला. ही तो टिपकागदावर घेऊन बराच वेळ बघत होती. वहिनींनी विचारलं, "यालाही पॅटिना म्हणतात का?"

मग चिंच. गरम पाण्यात कोळलेली, मीठ घातलेली. चिंचेतलं आम्ल काळा थर विरघळवतं, मीठ त्याला हातभार लावतं. बोटाखाली अचानक पिवळी रेघ उमटते, आणि माणूस कितीही पॅटिनावादी असला तरी ती रेघ बघून हरखतो. माझ्या बायकोला मी त्या क्षणी बघितलं आहे, पण ती हे मान्य करणार नाही.

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे सुभेदार आले. निवृत्त आहेत. गॅलरीत पितळ घासलं जातंय, हे त्यांना वासावरून कळतं. ते हातात ब्रासोचा डबा घेऊनच आले. फौजेत पट्ट्याचं बक्कल ब्रासोनं घासून घासून त्यांची सगळी उमेद गेली, असं ते स्वतःच सांगतात. पण गंमत अशी की, चकाकी दिसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "चिंचेनं साफ होतं, शायनिंग येत नाही," असा त्यांचा सिद्धांत. वहिनींचा सिद्धांत, "रांगोळीनं येतं." बैठकीचा डावा अर्धा सुभेदारांनी घेतला, उजवा वहिनींनी. निकाल बरोबरीत सुटला, पण दोघांनाही तो मान्य नाही.

मोर आणि वाटी हे नाजूक भाग पुतण्यानं, म्हणजे नवरीच्या धाकट्या भावानं, आपल्याकडे घेतले. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघितला होता. कष्ट नकोत, व्हिनेगर आणि मीठ यांत बुडवून ठेवायचं, आपोआप साफ होतं. व्हिडिओत पंधरा मिनिटं सांगितली होती. पंधरा मिनिटांत एवढं छान होतं, तर रात्रभरात किती होईल, हे गणित त्यानं स्वतः मांडलं आणि झोपायला गेला.

सकाळी मोर गुलाबी होता.

पूर्ण गुलाबी. वाटीसुद्धा. आम्ल जास्त वेळ मुरलं की पितळेतलं जस्त आधी पळ काढतं आणि वरच्या थरात उरतं ते तांबं. विरघळलेलं तांबंही परत येऊन चिकटतं. माणसांच्या भागीदारीतही असंच होतं. जो आधी निघून जातो, त्याच्यामागे उरलेल्याचा खरा रंग दिसतो. आत्यानं देवाचं नाव घेतलं. दादानं मुलाचं. मुलगा मात्र खूश होता. "बाबा, रोझ गोल्ड! माझ्या फोनला याच्यासाठी जास्त पैसे पडले होते."

थोडा वेळ तो विचारही झाला. लग्नाच्या हॉलच्या पडद्यांना गुलाबी छटा होती. पण 'सारख्या दिसायला हव्यात' ही अट होती, आणि वहिनी आपली समई व्हिनेगरमधे बुडवायला तयार नव्हत्या. शेवटी त्याच बसल्या रांगोळी आणि काथ्या घेऊन. गुलाबी थर पातळ असतो, घासल्यावर जातो. गेला. जाताना मोराच्या तुऱ्याची धारही थोडी गेली. हिनं ते बघितलं आणि गिळलं. लग्नघरात काही गोष्टी गिळाव्या लागतात.

राहिलं लॅकर. हा दादाचा प्रांत. चकाकी टिकवायची तर हवा लागू द्यायची नाही, म्हणून पारदर्शक लॅकरचा फवारा मारायचा. त्यानं स्प्रेचा डबाच आणला होता. यात दोन पथ्यं असतात. पहिलं, फवाऱ्याआधी पितळ स्पिरिटनं पुसून हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. दुसरं, जिथं वाती जळतात त्या वाटीला लॅकर लावायचं नाही, कारण ते तापून करपतं. दुसरं पथ्य दादानं पाळलं. पहिलं ऐकण्याआधी त्यानं दांडी उचलून "बघा, वजन आहे अजून," असं सगळ्यांना दाखवलं होतं. फवारा वाळला. आठवड्याभरानं दांडीच्या मधोमध, लॅकरच्या आत, दादाचा अंगठा तपकिरी रंगात स्वच्छ उमटला. रेषा मोजता येतात. वाटणीच्या कागदपत्रांवरसुद्धा त्याचा इतका सुरेख ठसा नाही.

दोन्ही समया शेवटी रंगानं सारख्या झाल्या. एवढ्या सारख्या, की पुसायला भाग सुटे केल्यावर कुठली बैठक डोंबिवलीची आणि कुठली पुण्याची, हे कळेना. दादा म्हणाला, सोपं आहे, बैठक उलटी करा. आमच्या समईखाली नाव आहे.

नाव दोन्हींखाली होतं. पूर्वी भांड्यांच्या दुकानात छिन्नीनं टिंबं टिंबं मारून नाव घालून देणारा माणूस बसलेला असे, आणि लग्नातल्या ताटापासून तांब्यापर्यंत सगळ्यावर देणाऱ्याचं नाव, नातं आणि 'सप्रेम भेट' पडे. आमच्या समईखाली 'सप्रेम भेट' स्पष्ट होतं; त्याच्या आधीचं नाव कधीच पुसट झालेलं. दादाच्या समईखाली होतं: 'सप्रे भेट'.

"ही आमची," दादा म्हणाला. "सप्र्यांनी दिलेली."

"कोण सप्रे?"

"आजीच्या माहेरचे कोणीतरी. आम्ही लहानपणापासून ऐकतोय."

मी दोन्ही बैठका शेजारी धरल्या. अक्षरं तीच, टिंबं तीच, वळण तेच. फक्त दादाकडच्या बैठकीवर 'सप्रे'च्या पुढं एक गुळगुळीत, चकचकीत जागा होती. बरोबर एका 'म'च्या मापाची. वहिनींनी तीवरून हात फिरवला आणि काही न बोलता समई सुलटी करून ठेवली.

दादाचा चेहरा मात्र निराळाच झाला. निमंत्रणांच्या यादीत, आजीच्या माहेरचे म्हणून, त्यानं डोंबिवलीतल्या एका सप्रे कुटुंबाला कधीच आग्रहाचं आमंत्रण देऊन टाकलं होतं. त्यांनाही नातं नीट आठवत नव्हतं, पण एवढ्या प्रेमानं बोलावलंय तर येऊ, म्हणाले.

आले. सहकुटुंब आले. हॉलच्या डेकोरेटरनं बोहल्याच्या बाजूला आपल्या फायबरच्या, विजेवर चालणाऱ्या पाच फुटी समया आधीच रोवून ठेवल्या होत्या. गालिच्यावर तेल सांडू द्यायचं नाही, असा हॉलचा नियम असल्यामुळे पणजीच्या समया फोटोग्राफरच्या ट्रायपॉडमागे उभ्या राहिल्या. सप्रे काकांनी तिथं जाऊनसुद्धा त्यांचं कौतुक केलं, "अशी जोडी हल्ली बघायला मिळत नाही." दादा त्यांना जवळच बसवून वाढायला सांगत होता. सप्रे काकूंनी पोटभर जेवल्यावर आहेराचं खोकं पुढं केलं.

आत समई होती. नवीन, भारीतली, अँटिक फिनिश, कोपरे तेवढे उजळलेले.

वहिनींनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरून फिरवली, आणि हॉलच्या स्वयंपाकघराकडे वळून आचाऱ्याला विचारलं, "थोडी चिंच उरलीये का हो?"